दोन प्रादेशिक विमानतळांमधले अंतर ४०० किलोमीटर, मग प्रवासाला ७० किंवा ८० मिनिटे का लागतात?

नकाशावाचक (प्रश्न)

नमस्कार. मी शाळेत भूगोल शिकवतो आणि अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढण्याचा एक स्वाध्याय तयार करत आहे. मुलांना रस वाटावा म्हणून मी दोन लहान प्रादेशिक विमानतळ निवडले आहेत, ज्यांच्यामध्ये दररोज एक थेट उड्डाण जाते आणि परत येते. नावांमुळे चर्चा भरकटू नये म्हणून त्यांना येथे क आणि ख म्हणतो. क विमानतळाचा अक्षांश १९ अंश ४५ मिनिटे उत्तर आहे, ख विमानतळाचा २२ अंश ० मिनिटे उत्तर आहे आणि ख हा क च्या पूर्वेला बरोबर ३ अंश रेखांशावर आहे, म्हणजे क पासून तो ईशान्येच्या बाजूला येतो.

अडचण अशी की, अंतर पाहायला गेलो तेव्हा प्रत्येक ठिकाणी निराळा आकडा मिळाला. एका संकेतस्थळावर ४०० होते, दुसऱ्यावर २१६, तिसऱ्यावर २४८, रस्त्याच्या नकाशावर ५३०, आणि मी स्वतः सूत्र वापरून गणित केले तेव्हा उत्तर ४२२ किलोमीटर आले. वेळेच्या बाबतीतही तेच. या मार्गावर दोन पंख्यांचे एटीआर ७२ जातीचे विमान उडते. त्याचा वेग ताशी ५१० किलोमीटरच्या आसपास असल्याचे वाचले, त्यानुसार ४०० किलोमीटरला सुमारे ४७ मिनिटे लागायला हवीत. अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळाने उड्डाणाचा काळ १ तास दाखवला. प्रत्यक्ष वेळापत्रकात मात्र क ते ख १ तास १० मिनिटे आणि ख ते क १ तास २० मिनिटे असे छापलेले आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. यांपैकी खरे अंतर कोणते मानावे? जाण्या-येण्याच्या वेळेत १० मिनिटांचा फरक का पडावा? आणि ४७ मिनिटांचे ७० किंवा ८० होईपर्यंत मधला वेळ नेमका कुठे खर्च होतो? मुलांसमोर अंतर भागिले वेग एवढेच सूत्र ठेवले आणि उत्तर वेळापत्रकाशी जुळले नाही, तर त्यांचा सूत्रावरचाच विश्वास उडेल, याची मला काळजी वाटते.

---

त्रिकोणमिती

आधी अंतराचे पाहू, कारण तो भाग सरळ आहे. आपण दिलेल्या अक्षांश-रेखांशांवरून हॅव्हरसाइन सूत्राने, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून मी गणित केले आणि उत्तर ३९९.७ किलोमीटर आले. हे बृहद्वृत्तावरचे, म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर आहे. यावरून पहिल्या संकेतस्थळाचे ४०० बरोबर ठरते. दुसऱ्या आणि तिसऱ्या संकेतस्थळांचीही चूक नाही, त्यांचे एकक तेवढे वेगळे आहे. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो आणि जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. ३९९.७ ला पहिल्याने भागले की २१५.८ येतात आणि दुसऱ्याने भागले की २४८.३. विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत मोजण्याचा प्रघात आहे. त्यामुळे एकक न लिहिता नुसता आकडा छापला तर असा घोळ होतो. या दोन मैलांमध्ये १५ टक्क्यांचा फरक आहे, हे विसरून कोणी एकाचा आकडा दुसऱ्याच्या जागी वापरला तर पुढचे सगळे गणित तेवढ्याने चुकते.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे ती थोडी दबलेली आहे, असा आक्षेप एखादा हुशार विद्यार्थी घेईल. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८.१ किलोमीटर आहे आणि ध्रुवाशी ६,३५६.८ किलोमीटर. जीपीएस ज्या डब्ल्यूजीएस ८४ या प्रमाण आकारावर चालते, तो आकार धरून मी पुन्हा गणित केले, तेव्हा अंतर फक्त सुमारे ३०० मीटरने कमी आले. या मार्गाच्या बाबतीत गंमत अशी की, या अक्षांशांवर उत्तर-दक्षिण दिशेतले अंतर गोलाच्या हिशेबापेक्षा किलोमीटरभर कमी भरते आणि पूर्व-पश्चिम दिशेतले अर्धा किलोमीटर जास्त भरते. मार्ग तिरका असल्यामुळे या दोन चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खाऊन टाकतात. मार्ग सरळ उत्तरेकडे असता तर तफावत ०.४ टक्क्यांच्या आसपास गेली असती. शाळेच्या स्वाध्यायासाठी गोल पुरेसा आहे.

नकाशावर सरळ दिसणारी रेषा आणि बृहद्वृत्त यांतल्या फरकाचा विचारही येथे करण्याची गरज नाही. २१ अंश अक्षांशावर पूर्व-पश्चिम ३ अंशांचे अंतर अक्षवृत्ताला धरून गेले काय आणि बृहद्वृत्तावरून गेले काय, दोहोंत पाच मीटरांचासुद्धा फरक पडत नाही. तो फरक लांबच्या आणि ध्रुवाकडच्या प्रवासात दिसतो. ६० अंश उत्तरेला रेखांशांत ९० अंशांचा फरक असलेली दोन ठिकाणे घेतली, तर अक्षवृत्तावरून ५,००४ किलोमीटर आणि बृहद्वृत्तावरून सुमारे ४,६०५ किलोमीटर भरतात, म्हणजे तब्बल ४०० किलोमीटरची बचत होते. मुलांना बृहद्वृत्ताचे महत्त्व पटवायचे असेल तर प्रादेशिक विमानतळांची जोडी त्यासाठी योग्य उदाहरण नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

राहिला आपला ४२२ चा आकडा. तो मला कोणत्याही एककात बसवता आला नाही. आपण सूत्रात आकडे कसे भरले, ते कृपया सांगावे.

---

शंकेखोर

माझी एक शंका आहे. हल्ली प्रत्येक विमानात उपग्रहांवरून जागा सांगणारी यंत्रणा असते. मग वैमानिक क वरून निघून सरळ ख कडे का जात नाही? दिवसाकाठी एक उड्डाण असलेल्या मार्गावर वर्दळीचे कारणही लागू होत नाही.

दुसरे असे की, संकेतस्थळावरचा १ तास हा अंदाजाचा आकडा असावा. अशी अनेक संकेतस्थळे मार्ग कोणता आणि विमान कोणते याची चौकशी करतच नाहीत. ती सरसकट मोठ्या जेट विमानाचा ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासचा वेग धरतात आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतात. ४०० किलोमीटरला अर्धा तास आणि वरचा अर्धा तास, असा १ तास होतो.

---

निवृत्त डिस्पॅचर

मी बरीच वर्षे उड्डाणांचे नियोजन करण्याचे काम केले. प्रत्येक उड्डाणापूर्वी मार्ग, उंची, वारा आणि इंधन यांचा हिशेब मांडून वैमानिकाच्या हाती देणे, हे ते काम. त्यामुळे वेळेचा भाग मी सविस्तर सांगतो.

वेळापत्रकात छापलेली वेळ ही हवेत घालवलेली वेळ नसते. आमच्या व्यवहारात तिला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान उभे असते तेव्हा चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागेवरून हलले की ही वेळ सुरू होते आणि मुक्कामी पोहोचून विमान थांबले की ती संपते. प्रत्येक फेरीच्या चार वेळा नोंदल्या जातात, त्यांना आउट, ऑफ, ऑन आणि इन अशी नावे आहेत: जागा सोडली, चाके जमिनीवरून उचलली, चाके जमिनीला टेकली, जागेवर पोहोचले. प्रवाशाला दिसते ती पहिल्या आणि चौथ्या नोंदीतली वेळ, आणि आपण वेगाने भागून काढता ती दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीमधल्याही फक्त एका तुकड्याला लागू होणारी वेळ आहे. ताशी ५१० किलोमीटर, म्हणजे सुमारे २७५ नॉट, हा या विमानाचा वर पोहोचल्यानंतरचा सपाट उड्डाणातला वेग आहे, आणि तोही जवळजवळ कमाल. चढताना आणि उतरताना तो लागू होत नाही.

आता आपल्याच मार्गाचा अंदाजी हिशेब मांडतो. सरळ अंतर २१६ सागरी मैल असले तरी नियोजनात आम्ही २३० च्या पुढचाच आकडा धरला असता, येथे २३२ धरू. शंकेखोर यांच्या शंकेचे उत्तर यातच आहे. विमान धावपट्टीच्या दिशेने उडते, मुक्कामाच्या दिशेने नव्हे, आणि धावपट्टीची कोणती बाजू वापरायची ते वारा ठरवतो. उड्डाणानंतर ठरावीक उंची गाठेपर्यंत डोंगर, वस्ती किंवा दुसऱ्या विमानतळाच्या वाहतुकीमुळे ठरवून दिलेल्या वाटेनेच जावे लागते. पुढचा हवाई मार्ग ज्या बिंदूंमधून आखलेला असतो ते बिंदू आपल्या सरळ रेषेवर असतीलच असे नाही. पूर्वी हे बिंदू म्हणजे जमिनीवरची रेडिओ केंद्रे होती, आता बहुतेक ठिकाणी ते नुसते अक्षांश-रेखांश आहेत आणि त्यामुळे मार्ग पुष्कळ सरळ झाले आहेत, हे मान्य. तरीही लष्करी सरावाची क्षेत्रे आणि प्रतिबंधित क्षेत्रे वळसा घालायला लावतातच. वाटेत सगळे मोकळे असेल तर नियंत्रक सरळ जाण्याची परवानगी देतो, पण त्या परवानगीच्या भरवशावर वेळापत्रक छापता येत नाही.

उंचीचेही नियम आहेत. सर्वसाधारण पद्धतीनुसार चुंबकीय दिशा ० ते १७९ अंशांत असलेली विमाने हजार फुटांच्या विषम पातळ्यांवर उडतात आणि १८० ते ३५९ अंशांत असलेली सम पातळ्यांवर, म्हणजे समोरासमोरच्या वाहतुकीत आपोआप हजार फुटांचे अंतर राहते. आपले विमान ईशान्येकडे जाताना १७,००० फुटांवर असेल, तर परतताना ते १६,००० किंवा १८,००० फुटांवर असेल. एटीआर ७२ ची कमाल मर्यादाच २५,००० फूट आहे आणि एवढ्या लहान टप्प्यात तिथवर जाण्यात काही हशील नसते.

१७,००० फूट चढायला मिनिटाला सरासरी १,००० फूट धरले तर १७ मिनिटे लागतात. या काळात विमानाचा हवेतला खरा वेग सरासरी २०० नॉटच असतो, त्यामुळे ते ५७ सागरी मैल पुढे सरकते. उतरण्याचा ठोकताळा असा की, दर हजार फुटांसाठी तीन सागरी मैल लागतात, म्हणजे ५१ मैल, आणि सरासरी २४० नॉटने त्यांना १३ मिनिटे. मग सपाट उड्डाणासाठी शिल्लक राहतात फक्त १२४ मैल. २७० नॉटने त्यांना २७ ते २८ मिनिटे लागतात. म्हणजे आपण जो वेग संपूर्ण अंतराला लावलात, तो निम्म्याहून थोड्या अधिक अंतरालाच लागू पडतो. हे सगळे मिळून ५८ मिनिटे होतात. मुक्कामी धावपट्टीच्या समोर येण्यासाठी वळसा घालावा लागतो, त्याची ४ मिनिटे धरा. हवेतला वेळ झाला ६२ मिनिटे. संकेतस्थळाचा १ तास याच्या जवळपास आला तो निव्वळ योगायोगाने, कारण त्यांनी वेग दीडपटीहून अधिक धरला आणि बाकीचा वेळ अंदाजाने मिळवला.

जमिनीवरच्या वेळेबाबत लहान विमानतळांविषयी एक गैरसमज आहे. तिथे गर्दी नसते, म्हणून विमान लगेच उडत असेल, असे लोकांना वाटते. पण अशा अनेक विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सीमार्ग, म्हणजे विमानाने जमिनीवर चालत जाण्याची वेगळी वाट, नसतेच. विमानाला धावपट्टीवरूनच उलट दिशेने टोकापर्यंत चालत जावे लागते, तिथे पूर्ण वळण घ्यावे लागते आणि मग उड्डाण करता येते. याला आम्ही बॅकट्रॅक म्हणतो. विमान असे चालत असताना धावपट्टी अडलेली असते, म्हणून उतरणारे दुसरे विमान असलेच तर ते वर थांबते. जागा सोडल्यापासून चाके उचलेपर्यंत ८ मिनिटे आणि उतरल्यावर ४ मिनिटे हा त्यामुळे सैल हिशेब नाही. एकूण झाली ७४ मिनिटे, वारा शून्य धरून.

आता वारा. मध्यम अक्षांशांत आणि हिवाळ्यात त्यांच्या लगतच्या पट्ट्यातही वरच्या हवेत पश्चिमेकडून वाहणारे वारे वर्चस्व गाजवतात. विमान हवेत उडते आणि ती हवाच जमिनीच्या सापेक्ष सरकत असते, म्हणून जमिनीवरचा वेग हा हवेतला वेग आणि वारा यांची बेरीज किंवा वजाबाकी असतो. पाठीमागून २५ नॉटचा वारा असला तर २७० नॉटचे २९५ होतात, तोच समोरून आला तर २४५ उरतात. २३२ मैलांना पहिल्या वेगाने ४७ मिनिटे आणि दुसऱ्याने ५७ मिनिटे, असा जवळपास १० मिनिटांचा फरक पडतो. म्हणजे शून्य वाऱ्याच्या ७४ मिनिटांतून एकीकडे ५ वजा आणि दुसरीकडे ५ अधिक करा. ६९ आणि ७९ येतात, आणि पाचाच्या पटीत छापायचे म्हटले की आपले ७० आणि ८०. हे आकडे मी ठोकताळ्यांवरून मांडले आहेत, पण वेळापत्रकाशी ते इतके जुळतील असे मलाही वाटले नव्हते. आपण म्हणता त्याप्रमाणे परतीचा, नैर्ऋत्येकडचा प्रवासच लांबलेला आहे, तेव्हा पश्चिमी वाऱ्याचे स्पष्टीकरण दिशेनेही बसते.

वेळापत्रकातला वारा हा त्या दिवसाचा वारा नसतो, हे मात्र मुलांना अवश्य सांगा. हंगामातल्या अनेक उड्डाणांच्या नोंदी पाहून, बहुतेक दिवशी पाळता येईल अशी वेळ छापली जाते. म्हणूनच एखाद्या दिवशी विमान पंधरा मिनिटे लवकर पोहोचते आणि प्रवासी वैमानिकाचे कौतुक करतात. कौतुक वाऱ्याचे व्हायला हवे.

जाता जाता एक सांगतो. याच मार्गावर जेट विमान घातले तर काय होईल, असा प्रश्न मला नेहमी विचारला जाई. ४४० नॉटचे जेट म्हणजे वेग दीडपटीहून अधिक झाला. पण ते २८,००० फुटांवर चढले तरी चढण्यात ७७ मैल आणि उतरण्यात ८४ मैल जातात, वर सपाट उडायला मिळतात जेमतेम ७१ मैल. हवेतला वेळ ४४ मिनिटांवर येतो, जमिनीवरची १२ मिनिटे तशीच राहतात, आणि ७४ ची ५६ होतात. वाचली १८ मिनिटे. शिवाय अनेक देशांत १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटची मर्यादा असते, ती जेटला जाचते, पंख्याच्या विमानाला ती जवळजवळ जाणवतच नाही. एवढ्या वेळेसाठी जास्त इंधन जाळणे परवडत नाही, म्हणून असे मार्ग पंख्याच्या विमानांकडे राहतात.

---

त्रिकोणमिती

डिस्पॅचरसाहेबांच्या उत्तरात गणिताचा एक लहानसा सापळा आहे, तो स्वाध्यायात घालण्यासारखा आहे. जाताना वारा मदत करतो आणि येताना तेवढाच अडवतो, म्हणून दोन्ही फेऱ्या मिळून हिशेब सारखा होतो, असे बहुतेकांना वाटते. तो होत नाही. २३२ मैल २७० नॉटने जाऊन परत यायला वारा नसताना १०३ मिनिटे लागतात, २५ नॉटच्या वाऱ्यात १०४. फरक किरकोळ दिसतो, पण वारा ९० नॉटचा केला तर जाण्याला ३९ आणि परतीला ७७ अशी एकूण ११६ मिनिटे होतात. अडवणाऱ्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असते, म्हणून तोटा नेहमी फायद्यापेक्षा मोठा असतो. वारा बरोबर आडवा असला तरीही दोन्ही वेळा थोडे नुकसानच होते, कारण विमानाला नाक वाऱ्याच्या बाजूला वळवून उडावे लागते.

---

नियमवाचक

खरे अंतर कोणते, या आपल्या पहिल्या प्रश्नाला मी थोडे वेगळे उत्तर देईन. ते कशासाठी हवे आहे, त्यावर ते अवलंबून आहे, आणि ही पळवाट नव्हे, तसे लिखित नियमच आहेत.

युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम विमान रद्द झाल्यास किंवा फार उशीर झाल्यास प्रवाशाला भरपाई देतो. भरपाईची रक्कम १,५०० आणि ३,५०० किलोमीटर या टप्प्यांवर ठरते आणि हे अंतर बृहद्वृत्ताच्या पद्धतीने मोजावे, असे नियमातच म्हटले आहे. विमान प्रत्यक्षात किती वळसे घालून गेले, याचा तिथे संबंध नाही. मध्ये विमान बदलावे लागले असेल तर दोन टप्प्यांची बेरीज करायची की पहिल्या आणि शेवटच्या विमानतळातले सरळ अंतर घ्यायचे, हा वादही युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ मध्ये सरळ अंतराच्या बाजूने निकाल लागला. मला हा निकाल तर्काला धरून वाटतो, कारण उशीर शेवटच्या ठिकाणी मोजायचा आणि अंतर मात्र वळशासकट, हे विसंगत झाले असते.

उत्सर्जनाचा हिशेब करताना मात्र सरळ अंतर पुरत नाही, कारण इंधन वळशातही जळते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कार्बन गणकयंत्राच्या पद्धतीत म्हणून बृहद्वृत्ताच्या अंतरात भर घातली जाते. ५५० किलोमीटरच्या आतल्या मार्गासाठी ५० किलोमीटर, ५,५०० पर्यंत १०० किलोमीटर आणि त्यापुढे १२५ किलोमीटर. युरोपीय संघाच्या उत्सर्जन व्यापारात सरसकट ९५ किलोमीटर मिळवतात. आपल्या ४०० किलोमीटरच्या मार्गाचे पहिल्या हिशेबाने ४५० झाले आणि दुसऱ्याने ४९५. डिस्पॅचरसाहेबांनी धरलेले १६ जादा सागरी मैल म्हणजे सुमारे ३० किलोमीटर होतात, तेव्हा दोन्ही नियम सढळ हाताने भर घालतात असे दिसते.

अंतर फार लहान असले की वेळेतून वेग काढणे कसे हास्यास्पद होते, याचे टोकाचे उदाहरण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत आहे. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधले विमान १९६७ पासून चालते, अंतर सुमारे २.७ किलोमीटर आहे आणि वेळापत्रकात जेमतेम दोन मिनिटे दिलेली असतात. भागाकार केला तर ताशी ८१ किलोमीटर हा वेग निघतो. वारा अनुकूल असताना हेच अंतर ५३ सेकंदांत पार झाल्याचा विक्रम आहे. तो धरला तर ताशी १८० किलोमीटरच्या पुढे जातो. विमान तेच, मार्ग तोच.

---

शंकेखोर

सरळ मार्गाबद्दलची माझी शंका फिटली. एक भर घालतो. वेळापत्रकातल्या सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. दोन ठिकाणे वेगवेगळ्या कालविभागांत असतील तर नुसती वजाबाकी करून काढलेला प्रवासाचा काळ तासाभराने चुकू शकतो. आपल्या क आणि ख यांची प्रमाणवेळ एकच असावी असे वेळांच्या मेळावरून दिसते, पण मुलांनी दुसरी जोडी निवडली तर हे आधी तपासायला सांगा.

---

नकाशावाचक

सर्वांचे मनापासून आभार. डिस्पॅचरसाहेबांचा हिशेब मी कागदावर पुन्हा मांडून पाहिला. ३९९.७ किलोमीटर आणि ६२ मिनिटे यांवरून हवेतला सरासरी वेग ताशी ३८७ किलोमीटर येतो, आणि जमिनीवरचा वेळ धरून ७४ मिनिटांवरून ३२४. पुस्तकातले ५१० कुठे आणि हे कुठे. मुलांना आता मी तीन वेगळे वेग काढायला सांगणार आहे आणि प्रत्येक वेग कोणत्या अंतराचा व कोणत्या वेळेचा, हे शब्दांत लिहायला लावणार आहे. सूत्र चुकीचे नव्हते, त्यात भरलेले अंतर एका जातीचे होते आणि वेळ दुसऱ्या जातीची, हे मलाच आधी उमगले नव्हते.

त्रिकोणमिती यांनी ४२२ बद्दल विचारले होते. मी गणकयंत्रात क चा अक्षांश १९.४५ असा भरला होता आणि ख चा २२.००.

---

त्रिकोणमिती

मग उत्तर सापडले. १९ अंश ४५ मिनिटे म्हणजे १९.७५ अंश, कारण एका अंशाची मिनिटे ६० असतात. आपण १९.४५ लिहिलेत, म्हणजे क विमानतळ ०.३ अंशाने, सुमारे ३३ किलोमीटर दक्षिणेला सरकला. मार्ग तिरका असल्यामुळे त्यातले २२ किलोमीटर अंतरात उमटले. १९.४५ भरून मी पुन्हा पाहिले, ४२१.६ येतात.

---

निवृत्त डिस्पॅचर

ही चूक नवख्या माणसाकडून आमच्या कार्यालयातही होत असे. विमानतळांच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत अंश, मिनिटे आणि सेकंद यांच्यामध्ये कसलेही चिन्ह न देता १९४५०० असे सलग अंक छापतात, आणि त्यात कुठेतरी दशांशचिन्ह देण्याचा मोह होतो. स्वाध्यायात अक्षांश त्याच पद्धतीने छापून द्या. आणि पुस्तिकेतला तो बिंदू विमानतळाचा संदर्भबिंदू असतो, बहुधा धावपट्टीच्या मध्याजवळचा. रस्त्याच्या नकाशावरचे ५३० किलोमीटर शहराच्या मध्यापासून मोजलेले आहेत की विमानतळाच्या दारापासून, तेवढे एकदा पाहून घ्या.

---

नकाशावाचक

पाहिले. शहराच्या मध्यापासून होते. विमानतळापासून मोजले तर ५१८ भरतात.